सिस्टरची रजा

"मला पाच दिवस रजा मिळेल का?"

एवढं विचारून ती ताटाकडे बघत बसली. हे वाक्य तिच्या तोंडून फुटणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिची जिवलग मैत्रीण गिरकी तर तोंडावर म्हणाली होती, "भर वर्गात सरांशी वाद घालशील, पण घरी मदत मागायची म्हटली की तुझी दातखीळ बसते." मग काय, आज विचारूनच टाकलं.

आईचा डाव भांड्यातच थांबला. बाबांनी पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला.

रजा कसली, ते कुणी विचारलं नाही. या घरात तिला नावाने हाक मारतंय कोण? ती सिस्टर. तीन वर्षांपूर्वी, ती जेमतेम अकराची असताना, दवाखान्यात इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते शिकवत होते. आईबाबांचे हात असे लटपटले की पेन दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा तिनेच ते उचललं. तिथली खरी सिस्टर हसली आणि म्हणाली, "चला, आता पेशंट तुझ्या ताब्यात." तेव्हापासून घरात तीच भाषा रुळली. सिस्टर, पेशंट कसा आहे? सिस्टर, पेशंटला अजून थोडं वाढू का?

पेशंट घरचाच, पण एक नंबरचा लहरी. परीक्षा जवळ आली की साखर चढवून बसायचा. जरा धावपळ झाली की तीच साखर इतकी उतरवायचा की हातपाय थरथरून घामाघूम. त्याला ना रविवार कळायचा, ना वाढदिवस. बोटाला टोचून थेंब काढा, आकडा बघा, ताटात काय नि किती आहे त्याचा हिशेब करा, पेनावर तेवढं माप लावा, कालची जागा सोडून पोटावर नाहीतर मांडीवर नवी जागा शोधा. असं दिवसातून चार वेळा. मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाकीच्या डब्यांवर तुटून पडायच्या आणि ही आधी सुईकडे पळायची. परत येईपर्यंत निम्म्या गप्पा संपलेल्या.

सुईचं तिला एवढं काही वाटत नसे. सुई क्षणाची. पण उरलेला दिवसभर डोक्यात जे आकडे भुणभुणत राहतात, त्यांचं काय करायचं? लोटपोट हसतानाही मनाच्या एका कोपऱ्यात बेरीज चालूच. हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणायचे, "अगं, आता सवय झाली असेल." होते की. दप्तराच्या ओझ्याचीही होते, म्हणून काही दप्तर हलकं होत नाही.

आईबाबांनी मदत करू का असं विचारलं नव्हतं असं नाही. तीच फणकारायची, माझं मी बघते.

"मिळेल रजा," बाबा शेवटी म्हणाले. "पण आधी आमची परीक्षा घे."

मग आठवडाभर घरात शाळा भरली. बाबा घड्याळजी, केसाएवढे स्क्रू चिमट्यात धरणारा माणूस. पण भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजवर सुई लावायची म्हटली की कपाळावर घाम. आईचा दिवस शिवणयंत्रावर जायचा, सुईशी तिची जन्माची ओळख. तिला हिशेब छळायचा. घास मोजता मोजता ती एकदा इतकी वैतागली की पट्टी घेऊन ताटच मोजते म्हणाली. सिस्टरने दोघांनाही दोनदा नापास केलं आणि मनातल्या मनात पोट धरून हसली.

शनिवारी दुपारी खरी परीक्षा. ताटाचा हिशेब आईने केला, तीनदा तपासला. बरोबर निघाला. बाबांनी हात धुतले, नवी सुई बसवली, दोन थेंब हवेत सोडून पाहिले, माप लावलं. पोटाची चिमूट धरली आणि श्वास रोखून सुई आत सारली.

"दहापर्यंत मोजा," ती म्हणाली. "घाईने काढू नका."

बाबांनी मोठ्याने मोजलं. पेशंटने हूं की चूं केलं नाही. सुई बाहेर आली, तेव्हा बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

"एका सुईत माझी ही गत," ते म्हणाले. "आणि तू चार हजारांवर टोचल्यास. आम्हाला वाटायचं, पोरगी हुशार आहे, सहज करते."

 सकाळपासून आकड्यांनी आईचं डोकं ठणकत होतं. तिने नुसतं सिस्टरचं डोकं छातीशी ओढून घेतलं.  मदत मागितली असती तर हे दोघं तीन वर्षांपूर्वीच स्पंज घेऊन बसले असते, हे सिस्टरला आत्ता कळत होतं. गिरकीचे उपकार मानावे तेवढे थोडे.

"मग सिस्टरबाई," बाबांनी नाक पुसत विचारलं, "रजेत कुठे भटकायचं ठरलंय?"

तिने खुर्ची पुढे ओढली, वर सरकलेला सदरा पोटावरून खाली ओढला आणि ताट जवळ घेतलं.

"कुठेच नाही. इथेच बसून, तुम्ही वाढाल ते न मोजता जेवायचं ठरवलंय. पाच दिवस मी नुसती पेशंट."