आईचं दुखणं

यावेळी खांदा होता. मागच्या महिन्यात पोट, त्याआधी डोकं, त्याही आधी पाठ. आईचं दुखणं असं अंगभर बिऱ्हाड बदलत फिरत होतं, आणि मुलगी तिला घेऊन चौथ्यांदा दवाखान्याच्या बाकड्यावर बसली होती. चष्म्याच्या दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून, मालकाची बोलणी खाऊन. दिवसभर वाकून काचा घासून तिचाही खांदा भरून यायचा, पण ते काय, कामाचं दुखणं.

कंपाउंडर म्हणाला, आता तुम्हाला महिन्याचा पासच काढून देतो. मुलगी हसली खरी, पण नजर आईवरच होती. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. तेही आधी जरा छातीत भरून येतंय एवढंच म्हणाले होते. आता आईलाही काही झालं, तर तिला घरात उरणार कोण?

आत गेल्यावर आई नेहमीसारखी गप्प. डॉक्टरबाईंनी काही विचारलं की म्हणायची, हिलाच विचारा, हिला सगळं माहितीये. मग काय, मुलगी धडाधडा सांगत सुटली. खांदे नुसते दगड होतात. जेवायला बसलं की दोन घासांत पोट गच्च. रिपोर्ट सगळे चांगले, तरी अंगात त्राण म्हणून नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग छताकडे बघत पडायचं.

डॉक्टरबाई काही लिहीत नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या.

"तीनलाच जाग येते, हे कसं कळलं तुला?"

"मी जागीच असते ना."

"रोज?"

"रोजच. पण माझं सोडा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मन फार खचलं आणि ते कुणाला सांगता आलं नाही, की कधीकधी अंगच दुखायला लागतं. त्यावर गोळ्या आहेत, बोलून मोकळं होता येतं, माणूस बरा होतो यातून. मुलीला एकदम हायसं वाटलं. म्हणजे आई बरी होणार होती.

"जगावंसंच वाटत नाही, असं येतं का कधी मनात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मुलगी आईकडे वळली. आई मघापासून तिच्याकडेच बघत होती.

"सांग गं बाळा," आई म्हणाली. "मला कुठे काय झालंय? तू स्वतःसाठी इथे पाऊल टाकलं नसतंस, म्हणून चार महिने तुझंच दुखणं माझ्या अंगावर घेऊन बसलेय."