एवढाच शब्द उरला

अर्धांगाचा झटका आला आणि टेलर मास्तरांच्या तोंडात एकच शब्द उरला, ओके. पाणी हवं असलं तरी ओके, पंखा नको असला तरी ओके. कुठला ओके कशासाठी, हे त्यांच्या बायकोला आताशा नुसत्या सुरावरून कळायचं. पण जन्मभर दुसऱ्याच्या शिलाईला नाक मुरडणारा हा माणूस आता सुनेने शिवलेल्या प्रत्येक कपड्यालाही ओकेच म्हणायचा. सून खूश होती. सासूला मात्र प्रश्न पडायचा: ज्याच्याशी आपण उभा जन्म भांडलो, तो आत शिल्लक आहे की नाही?

आज सुनेने नवा शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. "बाबा, कॉलर ओके ना?"

मास्तरांनी धड असलेल्या हाताने कॉलर उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ बराच वेळ नुसतेच हलले.

"उ... उसव!"

सुनेचं तोंड एवढंसं झालं. सासू मात्र डोळे पुसत हसत सुटली.

"अगं, बघतेस काय? उसव लवकर, नाहीतर आता ओरडतील ते!"