गढीतली बाई

“आता तरी सांग, मर्ट. कुठं ठेवलंस त्याला?”

फादर मरणाऱ्याच्या कपाळी लावतात ते शेवटचं तेल लावून नुकतेच गेले होते. खाली स्वयंपाकघरात शेजारची पेग तुओही चहाचं आधण ठेवत होती. होनोराला घाई होती. नवऱ्याचा श्वास आता थोडाच उरला होता, आणि तो थांबला की तिचा मुलगा कायमचा हरवणार होता.

मुलगा जन्मला तोच मेलेला. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्याला लागलं नाही, म्हणून चर्चच्या मातीत जागा नाही. अशा बाळाला बापानं अंधार पडता पडता एकट्यानं न्यायचं, कुठंतरी पुरायचं आणि आईला ती जागा कधी सांगायची नाही, ही गावाची रीत. आई वेडी होते म्हणे. मर्ट चहाच्या रिकाम्या खोक्यात बाळाला घेऊन गेला आणि चिखलानं भरलेल्या बुटांनी परत आला. पुढं अख्खं आयुष्य होनोरानं शेताचा एकेक बांध संशयानं पाहिला. नांगर कोपऱ्यात गेला की ती हातातलं काम टाकून बांधावर धावायची.

“गढीत,” तो आता म्हणाला. “पूर्वेच्या खिडकीखाली.”

होनोरा संतापली. मरतानासुद्धा हा माणूस खोटं बोलतो, बाईनं जाऊ नये नेमकी तीच जागा सांगतो. टेकडीवरची ती पडकी गढी कुणाला ठाऊक नाही? इंग्रज शिपायांनी ती जाळली तेव्हा मालकीण आतच राहिली, आणि अजून आपल्या पोराला शोधत रडत फिरते. जी बाई तिथं पाऊल टाकेल तिची कूस पुन्हा उजवायची नाही. होनोराला हे तिच्या आईनं सांगितलं होतं, तिनं आपल्या लेकींना.

मर्ट धापा टाकत सांगत राहिला. मालकीण वगैरे कुणी नव्हतीच. गढी जळाली तेव्हा आत चिटपाखरूही नव्हतं. ती बाई आज्यापणज्यांनी रचली, पोरासोरांनी तिथं हुंदडू नये आणि आयांनी माती उकरत बसू नये म्हणून. गावातली सगळी तसली बाळं तिथंच आहेत, आणि हे गावातल्या प्रत्येक बापाला माहीत आहे.

होनोराला रडूही येईना. गढी तिच्या परसातून दिसायची, हाकेच्या अंतरावर. ती मात्र जन्मभर छातीवर क्रुसाची खूण करून तिकडं पाठ फिरवत आली होती. हा खोटं बोलत असेल तर बरं होईल, असं तिला मनापासून वाटलं.

“मग ते रडणं?” ती म्हणाली. “मी माझ्या कानांनी ऐकलंय, मर्ट. वर्षानुवर्षं ऐकलंय. खिडकी लावून घ्यायचे मी.”

मर्टनं दाराकडं पाहिलं. खाली कपबशा वाजत होत्या.

“ती पेग,” तो म्हणाला. “तिचंही बाळ तिथंच आहे. तिच्या नवऱ्याला राहवलं नाही गं. त्यानं सांगून टाकलं होतं तिला.”