धूर थांबल्यावर

बब्रुवानतात्यांची जुनी गाडी पेट्रोलपेक्षा ऑईलच जास्त प्यायची. नळदुर्ग ते जळकोट, येणारा-जाणारा खिडकीतून ओरडायचा, “काका, धूर निघतोय!” शेवटी मिस्त्रीनं इंजिनाच्या रिंगा बदलल्या आणि धूर थांबला. पाचव्या दिवशी तात्या परत गॅरेजात हजर.

“काय तात्या, अजून ऑईल पितीय व्हय?”

“घोटभर बी न्हाय. पण चार दिस झाले, रस्त्यानं माझ्याशी कुणी बोललंच न्हाय.”

“ते काम गॅरेजात होत न्हाय, तात्या.”

दुसऱ्या दिवशी तात्यांनी वर्षापूर्वी वारलेल्या बायकोचं, गजराबाईंचं लुगडं शेजारच्या सीटवर ठेवलं आणि पदर बाहेर लोंबता ठेवून दार लावलं. जळकोटपर्यंत अकरा जण ओरडले, “काका, काकूंचा पदर दारात अडकलाय!”

तात्या प्रत्येकाला म्हणाले, “सांगतो तिला.”