पेट्या तुमच्या, पावती माझी

"एकच पेटी आणली असती तर एक रुपयाही भरावा लागला नसता," कस्टमच्या बाई म्हणाल्या. "पंचवीस सिगारपर्यंत माफी असते. ही दुसरी कशाला घेतलीत?"

"पावतीसाठी," अंगद म्हणाला.

बाईंनी मान वर केली. मुंबईच्या विमानतळावर लोक कर चुकवायला काय काय सोंगं करतात, ते त्या रोज बघत होत्या. आणि हा गडी कर लागावा म्हणून पन्नास सिगार घेऊन उभा!

"स्वतः ओढता?"

"हातही लावला नाही कधी. पावतीवर वडिलांचं नाव पूर्ण येऊ द्या, मॅडम. अंगद हनुमंत मुरूमकर."

तपासायला बाईंनी एक पेटी उघडली. तो वास नाकात शिरला आणि अंगदला एकदम घरच आठवलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं. लहानपणी आबासाहेबांच्या बंगल्यावर कधी आला असेल, असं म्हणून त्याने पैसे भरले आणि जामखेडची गाडी धरली.

बावीस वर्षांपूर्वी त्याचे वडील गावचे पुढारी आबासाहेब यांच्या बंगल्यावर वॉचमन होते. अकरा वर्षं फाटकावर उभे, बसायला साधं स्टूलसुद्धा नाही. एका दिवाळीत परदेशी पाहुण्याने आबासाहेबांना सिगारची पेटी दिली आणि संध्याकाळी ती गायब झाली. झालं! आबासाहेबांनी भर अंगणात, पन्नास माणसांसमोर हनुमंताचे खिसे उलटे केले. "विडी पुरंना झाली का रं, हनम्या?" खिशात काही निघालं नाही, पण नोकरी गेली. मग बापाने कोयता उचलला आणि दरसाल ऊसतोडीला जाऊ लागला.

गावाने त्याचं नावच 'सिगार' पाडलं. शाळेत अंगद 'सिगारचा पोरगा'. पुढे तो जहाजावर खानसामा झाला, चार पैसे आले, स्थळं आली. "त्या सिगारच्या घरात पोरगी देता व्हय?" एवढं कुणीतरी बोलायचं की सोयरीक मोडायची. दोनदा मोडली. दुसऱ्यांदा मोडली तेव्हाच अंगदने ठरवलं, हे नाव आता ज्याच्यामुळे पडलं त्याच्याच दारात पुसून टाकायचं.

पेटी नेमकी कसली, ते त्याने बंदरावरच्या दुकानातून फोन करून वडिलांनाच विचारलं होतं.

"झाकनावर घोडेस्वार असतुया," वडील म्हणाले होते. "वर तेरा, खाली बारा. पर तू तिकडं जाऊ नगं, बाबा. झालं गेलं."

"जाणार! काय केलंय तुमी तोंड लपवायला?"

वडिलांनी फोन ठेवून दिला. बापाचा हा मऊपणाच अंगदला सलायचा.

तो थेट बंगल्यावर गेला. सकाळची वेळ, ओसरीवर कामं घेऊन आलेली पाच-पंचवीस माणसं. आबासाहेब आता थकले होते, पण खुर्ची तीच. समोरची खुर्ची ओढून अंगद न विचारता बसला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"वळखलं का? हनुमंत वॉचमनचा मी."

त्याने एक पेटी टेबलावर आदळली. "ही तुमची. मोजून घ्या. वर तेरा, खाली बारा." दुसरी आदळली. "आन ही बावीस वर्सांचं व्याज. सरकारचा कर भरून आणल्यात. ही बघा पावती, बापाच्या नावासकट. चोराचा पोरगा असा शिक्का मारून आणतो व्हय? आता सगळ्यांदेखत सांगा, माझा बाप चोर न्हाई."

आबासाहेबांनी पेटी उलटसुलट करून पाहिली.

"मोजून काय करू?" ते हळू म्हणाले. "ती पेटी मी उघडलीबी नव्हती. सीलबंद आली, सीलबंद गेली. खरं सांगू का पोरा, पुरावा तवाबी नव्हता माझ्याकडं. सत्तेचा माज हुता." त्यांनी दोन्ही हात जोडले. "हनुमंत चोर न्हाई. चुकलं माझं."

अंगदने टेबलावरची पावती उचलली.

"पेट्या तुमच्या," तो म्हणाला, "पावती माझी."

फाटकातून बाहेर पडताना त्याची छाती फुगली होती आणि डोळे भरून आले होते. जे बघत होते त्यांना बघू दे, म्हणून त्याने ते पुसलेही नाहीत.

घरी वडील ओट्यावर बसले होते. अंगदने सगळं सांगितलं. "हात जोडलं त्यांनी, दादा! पंचवीस माणसांत!"

"खुर्चीवर बसला हुतास?"

"न इचारता."

वडील हसले. एवढं मोकळं हसताना अंगदने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पावती दे इकडं."

त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, शिक्क्यावर बोट फिरवलं. मग उठून आत गेले. अंगदही मागोमाग गेला. वडिलांनी ज्वारीच्या कोठीचं झाकण काढलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि दाण्यांतून एक लाकडी पेटी वर ओढली. झाकणावर घोडेस्वार होता.

वरचा थर संपला होता. खाली बारा सिगार नीट ओळीत होत्या.

वडिलांनी पावतीची घडी घालून ती त्यांच्यावर ठेवली आणि झाकण लावलं.

"लई दिवस बिनपावतीची हुती," ते म्हणाले.