गाळाची पाळी

गावविहिरीतल्या गाळात उतरायची पाळी जीवरामची होती. डोक्याला फडकं बांधून तो काठावर आलाही होता. खाली वाकून पाहिलं आणि त्यानं आपल्या सालदाराला, मानसिंगला, हाक मारली. मानसिंगची स्वतःची पाळी आदल्याच दिवशी होऊन गेली होती. तरी तो उतरला.

काठावरच्या माणसांपैकी सुकदेव आबा तेवढे बोलले. तुझे वडील सरपंच होते तेव्हा आधी तेच गाळात उभे राहायचे, म्हणून गाव यायचं, असं त्यांनी ऐकवलं. सरपंचाला आता दहा कामं असतात, असं म्हणून जीवराम लिंबाच्या सावलीत जाऊन बसला.

दुपारी विहिरीच्या बांधकामातला एक दगड निखळला. मानसिंगचा पाय गुडघ्याखाली मोडला. जीवरामनं त्याला ट्रॅक्टरमध्ये घालून धुळ्याला नेलं, सगळा खर्च केला. मानसिंग पावसाळ्यात लंगडत कामावर आला. गावात कोणी याचा विषय काढला नाही. सगळं मिटलं, असंच जीवरामनं धरलं.

पुढच्या वैशाखात विहिरीनं पुन्हा तळ दाखवला. दवंडी फिरली, पण सकाळी विहिरीवर कोणी आलं नाही. ज्यांच्या शेतात विहिरी होत्या त्यांनी बैलगाडीवर पाण्याची टिपं चढवली. शेजारीपाजारी त्यांच्यामागे घागरी घेऊन निघाले. मानसिंगच्या पाड्यावरची माणसं तर तापीकाठी मजुरीला गेलेली.

जीवराम आधी चिडला, मग घाबरला. धोतर खोचून तो एकटाच खाली उतरला. आपल्याला गाळात पाहिलं की माणसं येतील, असं त्याला वाटलं. त्यानं पाटी भरली, दोराला बांधली, हाक दिली. वरून जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं काठावर एक डोकं दिसलं. मानसिंग होता. अधू पाय लांब करून तो काठाशी बसला आणि दोर ओढू लागला. पाटी हिसके खात वर चढली.

जीवरामला भरून आलं. ज्याचा पाय गेला तोच तेवढा आपला निघाला, आपल्यासाठी आला.

"बठ्ठा गाव फिरी गया," तो खालून म्हणाला. "मनासाठे तू एकलाच उना."

मानसिंगनं गाळ बाजूला ओतला. रिकामी पाटी खाली सोडली.

"तुमनासाठे नही, भाऊ," तो म्हणाला. "मना घर दुसरं पानी नही."