मांजरासाठी स्थळ

"दुखणं जुनं आहे. फार उशिरा आणलंत," डॉक्टर म्हणाले.

सोफेवाला बायकोकडे वळला आणि डॉक्टरांच्या देखत ओरडला, "मला सांगितलं का नाहीस?"

"अहो, हळू," ती म्हणाली. त्यापलीकडे तिनं काही सांगितलं नाही. पुढं सांगायला ती फार दिवस राहिलीही नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच ऐकवायचा. वेळेवर कळलं असतं तर त्यानं आकाशपाताळ एक केलं असतं. दुकानाला कुलूप लावून तिला कुठं कुठं नेलं असतं. पण बाईनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. लोक माना हलवायचे. मुलगी कपबशा उचलून आत निघून जायची.

दिवस दुकानात निघायचा. जुनी कापडं उसवायची, काथ्या बदलायचा, नवं कापड ताणून खिळे मारायचे. बैठकीवरून हात फिरवला की कुठली स्प्रिंग बसली आहे ते त्याला डोळे मिटून कळायचं. संध्याकाळ मात्र खायला उठायची. पंख्याची घरघर नकोशी व्हायची आणि पंखा बंद केला की त्याहून वाईट. एकदा रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून तो "चहा टाकतेस का?" म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"बाबा, मांजर आणू या," मुलगी म्हणाली. तिचं लग्न झालं होतं, पण ती अधूनमधून यायची. "घरात दुसरा जीव हवा. असं नाही चालायचं."

मांजर बायकोलाही हवं होतं. तो म्हणायचा, "सोफेवाल्याच्या घरात मांजर? म्हणजे बोक्यालाच दुधाची राखण!" ती हसायची. काही दिवसांनी पुन्हा विषय काढायची. मग काढेनाशी झाली.

आता तो हो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. उरलेल्या मखमलीची छोटी गादी शिवली. नखं अडकू नयेत म्हणून टाके आतून घेतले. शेजारी दारातून डोकावून म्हणाला, "काय हो, मांजर आणताय की सून?"

टाकून दिलेल्या मांजरांना घरं मिळवून देणारी एक बाई होती. तिची रीत अशी, की लेकीसाठी स्थळ बघावं तसं ती घर बघायची. आधी घर, मग माणसं, आणि मन भरलं तरच मांजर. ती आली. जाळी ओढून बघितली. दिवसभर मांजर एकटं राहणार का, विचारलं.

"छे. दुकानात नेणार बरोबर. एखादा सोफा ओरबाडला तर ओरबाडला."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी आहे ना," मुलगी म्हणाली.

बाईनं गादी उलटून टाके बघितले. "काका, एवढं तर माझ्यासाठी कोणी केलं नाही हो!"

सोफेवाल्याचा जीव भांड्यात पडला. दार उघडल्यावर कोणीतरी पायात घुटमळतंय, हे त्याला दिसायलाही लागलं. तो चहा टाकायला उठला. तेवढ्यात बाईची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली.

"या काकू... तुमच्या कोण?"

"माझी बायको. गेली ती."

"अरे देवा. माझ्याकडे आल्या होत्या. मागच्या वर्षी. एक राखाडी मांजरी मांडीवर घेऊन किती तरी वेळ बसल्या होत्या. शेवटी नेली नाही."

त्याला हे ठाऊक नव्हतं. तो कसंनुसं हसला. "माझ्यामुळे नसेल नेली. मी नको म्हणायचो ना, सोफ्यांपायी."

"सोफ्यांचं नाही काही बोलल्या." बाई घुटमळली. तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली बघत होती.

"बोला ना ताई. काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मी आता फार दिवसांची नाही. मी म्हटलं, तुमच्यामागे काका सांभाळतील की. तर म्हणाल्या, नको गं. मांजर दुखलंखुपलं तरी सांगत नाही, आणि आमच्या यांना सांगितल्याशिवाय काही कळत नाही."

'वेळेवर कळलं असतं तर' हे सगळ्यांना ऐकवायचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं.

"ताई, मांजर नको. राहू द्या," तो म्हणाला.

"अहो काका, मी सहज बोलून गेले. एवढी तयारी केलीत तुम्ही..."

"राहू द्या."

मुलगी बाईला दारापर्यंत सोडून आली. एवढं सगळं करून ऐन वेळी नाही का म्हणालात, असं तिनं विचारलं नाही. आईला वर्षभर आधीच सगळं कळलं होतं, याचंही तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. ती त्याच्याकडे न बघता पदर सारखा करत उभी राहिली. हे मात्र कोणी न सांगता त्याच्या लक्षात आलं.

याला आता बरेच दिवस झाले. मुलगी येते, जेवण करून ठेवते, जाते. आईचं दुखणं तिला ठाऊक होतं का, हे त्यानं अजून विचारलेलं नाही.